नववीच्या प्रोजेक्टसाठी डेंग्यूची खात्रीची माहिती नक्की घ्यायची कुठून?

धायरीचा_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, सेमी इंग्लिश. शाळेतून प्रोजेक्ट आलाय, कुठलाही एक रोग घ्या, पंधरा पानं, आणि खाली एक ओळ, "किमान ५ विश्वसनीय संदर्भ हवेत, विकिपीडिया चालणार नाही". विश्वसनीय म्हणजे काय ते बाईंनी सांगितलं नाही आणि पोरांनी विचारलं नाही. हिने डेंग्यू घेतला, कारण मागच्या गणपतीत माझ्या वडिलांना झाला होता आणि आठ दिवस आमचं सगळं घर प्लेटलेटचे आकडे शेअर बाजारासारखे बघत होतं.

दोन रविवार गेले, पान एक झालंय. एका साइटवर जगात वर्षाला ४० कोटी लोकांना डेंग्यू होतो, दुसरीकडे ६५ लाख, आता यात कोण खोटं बोलतंय ते मला इंजिनिअर असून कळेना. पपईच्या पानांचा रस सोसायटीच्या ग्रुपवरून आलाच. तिने एआयला विचारलं तर त्याने धडाधड ५ संदर्भ काढून दिले, मी आपले सहज शोधले तर त्यातले दोन अस्तित्वातच नाहीत, मासिक खरं आहे पण त्यात तसा लेखच नाही. आता काय करू? पुण्यात कुठे जाऊन काही मिळेल का?

लॅबवाली_मावशी

दादा दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, मोजलंय काय ते वेगळं आहे. डब्ल्यूएचओ जे १० ते ४० कोटी म्हणतं तो अंदाज आहे, आणि तो इन्फेक्शनचा. यातल्या बहुतेकांना काही होतच नाही, नाहीतर साधा ताप येऊन जातो, ते डॉक्टरकडे पण जात नाहीत. ६५ लाख हा २०२३ सालचा, देशांनी प्रत्यक्ष कळवलेल्या केसेसचा. तुमच्या साइटने ४० कोटी उचललं आणि "१० ते" गाळलं, हे असंच करतात सगळे.

भारताचा आकडा अजून निराळा येतो. आपल्याकडे सरकारी हिशेबात पक्की केस म्हणजे एलायझा, ही लॅबमधली रक्ताची टेस्ट, त्यात एनएसवन (विषाणूचं प्रथिन) किंवा आयजीएम (त्याविरुद्ध शरीराने केलेली अँटिबॉडी) सापडायला हवं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बोटभर कार्डावर २० मिनिटांत जी रॅपिड टेस्ट होते ती पॉझिटिव्ह आली तरी तेवढ्यावर पक्की धरत नाहीत. तेव्हा आजोबांची टेस्ट कशावर झाली होती ते फाइल काढून बघा, कार्डावर झाली असेल तर सरकारी टेबलात ते बहुधा नाहीतच! मुलीला हे एक पान लिहायला सांगा, बाकीची चौदा नेटवरून उचलली तरी मी पास करीन (गंमत हो, उचलू नका).

आणि हो, सरकारी लॅबना ते आयजीएम एलायझाचे किट पुरवतं कोण तर आपल्या पुण्याचीच एनआयव्ही. १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेली, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू संस्था. आंबेडकर रोडवरून रोज हजारो लोक जातात, कोणाला पत्ता नसतो. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडे जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा तो क्यासनूरचा, म्हणजे माकडतापाचा विषाणू यांनीच शोधला.

आता संदर्भ. डब्ल्यूएचओचं डेंग्यूचं फॅक्टशीट घ्या, छोटं आहे, नववीच्या मुलीला कळतं. भारताच्या राज्यवार आकड्यांसाठी राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण केंद्राची साइट, तिथे वर्षवार टेबल आहे, त्यात महाराष्ट्राची ओळ शोधा आणि कुठल्या वर्षाची घेतली ते लिहा. आयसीएमआरचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च १९१३ पासून निघतंय आणि नेटवर फुकट आहे, पण अख्खा पेपर वाचायला लावू नका, वरचा सारांश पुरे.

पपईवर थोडे छोटे अभ्यास झालेत, नाही असं नाही. पण डेंग्यूवर ठराविक असं औषध नाही हेच फॅक्टशीट सांगतं. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, आणि आयब्युप्रोफेन-ॲस्पिरिन टाळायचं कारण रक्तस्रावाची भीती. हे मात्र प्रोजेक्टमध्ये ठळक लिहा, कोणाच्या तरी घरी उपयोग होईल.

तळटीप_वाचक

विकिपीडिया चालणार नाही याचा अर्थ उघडायचा नाही असा नाही हो. उघडा, वाचा, आणि खाली तळटिपांमध्ये उतरा. वाक्यापुढचा तो छोटा नंबर दाबला की मूळ कागद सापडतो, तो स्वतः उघडून बघायचा आणि संदर्भ म्हणून तो लिहायचा. न उघडता लिहिला तर तुम्ही आणि तुमचा एआय एकाच माळेचे मणी.

मराठीत लिहायचं असेल तर मराठी विश्वकोश नेटवर आहे, व्याख्या आणि शब्द चांगले मिळतात. मात्र आकडे तिथून घेऊ नका, जुन्या खंडांतल्या नोंदी कधीच्या तरी लिहिलेल्या आहेत. हॉस्पिटलांच्या ब्लॉगचं पण बघून, लेखाच्या शेवटी "आजच फुल बॉडी चेकअप बुक करा" असेल तर लेख कशासाठी लिहिलाय ते कळलं.

पेठेतला_आजोबा

पुण्यात राहून डेंग्यू? अहो प्लेग घ्या प्लेग! सगळे डेंग्यूच घेणार, बाई चाळीस वेळा एडिस डासाचं चित्र तपासणार. प्लेग मुंबईत १८९६ ला आला आणि ९७ च्या सुरवातीला पुण्यात, मग सरकारने प्लेग आवरायला रँड नावाचा इंग्रज अधिकारी नेमला, गोरे सोल्जर घरात घुसून झडत्या घ्यायला लागले, लोक आजारापेक्षा झडतीला जास्त भ्याले असं आमच्या घरातले जुने लोक सांगायचे, आणि २२ जूनला राणीच्या ज्युबिलीच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडला गोळी घातली, त्याच्याबरोबरचा लष्करी अधिकारी आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, १० मार्च १८९७. आणि त्याच वर्षी तो साथरोग कायदा झाला जो २०२० मध्ये करोनाला परत बाहेर काढला.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो, विश्वसनीय कोण? सरकारी अहवाल म्हणतो झडत्या व्यवस्थित झाल्या. केसरी वेगळंच सांगतो. दामोदर चापेकरांनी तुरुंगात आत्मवृत्त लिहिलंय ते तिसरंच. तिघांचाही त्यात काहीतरी हेतू आहे. तरी मेले किती ते बघायला अहवालाकडेच जावं लागतं, आणि लोकांना काय वाटलं ते अहवालात सापडत नाही. मी चाळीस वर्षं शिकवलं, मुलं विचारायची सर यातलं खरं पुस्तक कुठलं, मी म्हणायचो आधी तुझा प्रश्न सांग.

मूळ सरकारी कागद बघायचे तर स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने ब्रिटिश काळातले भारतातल्या रोगांचे अहवाल नेटवर फुकट ठेवलेत. घरी बसून बघा. पुस्तकांसाठी विश्रामबागवाड्यातलं सरकारी ग्रंथालय नाहीतर पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ पासूनचं आहे.

धायरीचा_बाबा

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आजोबा, प्लेगचं तिला वाचून दाखवलं, डोळे मोठे झाले पण विषय बदलायचा नाही म्हणाली, "माझे आजोबा प्लेगने आजारी नव्हते". काय बोलणार.

मावशी, फाइल काढली. कार्ड टेस्टच होती! वडील म्हणतायत म्हणजे मी आठ दिवस सलाईन लावून पडलो आणि सरकारच्या लेखी मला काही झालंच नाही? ते जरा चिडलेत. तिला मात्र भारी वाटलंय, पहिलं प्रकरण तेच करणार म्हणे, "आमचे आजोबा कुठल्या आकड्यात आहेत". एक विचारायचं होतं, वडिलांचा रिपोर्ट संदर्भ म्हणून लावला तर चालेल का?

लॅबवाली_मावशी

चालेल की, पण संदर्भांच्या पाचात धरू नका, वेगळा "घरातला अनुभव" म्हणून लावा. नाव, वय, फोन, लॅबचा नंबर सगळं काळ्या पेनाने खोडून मग झेरॉक्स काढा, आणि झेरॉक्सची परत झेरॉक्स काढा, पहिलीत उजेडाला धरलं की खालचं दिसतं. आजोबांना विचारलंत ना आधी?

धायरीचा_बाबा

विचारलं. ते म्हणाले नाव खोडू नका.