आम्ल भित्तिका विरघळवत नाही

या चर्चेत वर एकाने लिहिलंय की आम्लामुळे वनस्पतीची पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीचं ताठ आवरण, थोडी विरघळते आणि म्हणून पेशी वाढते. इथे मला थांबावंसं वाटलं, कारण खरी गंमत नेमकी याच जागी आहे.

ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक मिळालं की पेशीपटलातले पंप हायड्रोजन आयन बाहेर ढकलतात आणि भित्तिकेचा पीएच ५च्या आसपास किंवा त्याखाली येतो, म्हणजे ती आम्लधर्मी होते. पण नुसतं आम्ल पुरत नाही. काकडीच्या कोवळ्या रोपाच्या खोडाचे तुकडे उकळून त्यातली प्रथिनं निकामी केली, तर आम्लात ठेवूनही ते ताणले जात नाहीत. तशाच, पण न उकळलेल्या भित्तिकांतून काढलेलं प्रथिन परत घातलं की ताणले जातात! १९९२ साली हे दाखवलं गेलं. ते प्रथिन म्हणजे एक्स्पान्सिन. ते सेल्युलोजचे धागे कापत नाही, त्यांची आपसातली पकड फक्त सैल करतं. ताणण्याचं काम पेशीतल्या पाण्याचा दाब करतो. मला हे फार सुंदर वाटतं.

कॅल्शियमबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून भर घालतो. भित्तिकेतल्या पेक्टिन या लांब साखळ्यांच्या पदार्थावरचे मिथाइल गट (छोटे कार्बनी गट) निघाले की तिथे ऋणभार उघडे पडतात. कॅल्शियमचा आयन दुहेरी धनभाराचा, त्यामुळे तो शेजारच्या दोन साखळ्या बांधतो आणि भित्तिका ताठ होते. मात्र हे मिथाइल गट तुरळक ठिकाणी निघाले, तर तेच पेक्टिन विकरांना (एन्झाइमांना) सहज तोडता येतं आणि भित्तिका उलट मऊ पडू शकते. त्यामुळे ‘कॅल्शियम वाढलं की वाढ थांबते’ असं सरसकट म्हणू नये.