ला स्कालाच्या क्रॉसओव्हरमधले जुने कॅपॅसिटर बदलू की राहू देऊ?

भोंगेवाला७६

नमस्कार मंडळी, क्लिप्श कंपनीच्या ला स्काला या भोंग्यांच्या स्पीकरची १९७६ ची जोडी माझ्याकडे आलीये. काकांची होती, गेली कित्येक वर्षं ते लावतच नव्हते, वर पुस्तकांचे गठ्ठे रचलेले. क्रॉसओव्हर (जाड, मधला आणि बारीक आवाज ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरला वाटून देणारं सर्किट) टाइप एए, ओरिजिनल, म्हणजे लाकडी फळीवर ते तेलाचे पत्र्याचे डबे, म्हणजे कॅपॅसिटर, मधे ऑटोट्रान्सफॉर्मर, बाजूला कॉइल. सोल्डर बघून तरी वाटतंय की आजवर कुणी हात लावलेला नाही.

आवाज काय सांगू, पहिल्या दिवशी हसूच आलं, एवढ्याशा अँपवर घर भरून गेलं. पण डावीकडून झांजा येत नाहीत, म्हणजे येतात पण कुणी वर गोधडी टाकल्यासारख्या. उजवीकडे ठीक आहे. जिथे विचारावं तिथे उत्तर एकच, पन्नास वर्षं झाली, कॅप बदला. कुठले घालायचे म्हटलं की भांडणं सुरू, एक म्हणतो तेलाचेच घाल नाहीतर आत्मा जातो, दुसरा म्हणतो साधे फिल्म कॅप बस झाले. मी मल्टिमीटर लावला तर २ मायक्रोफॅरडचे दोन्ही २.१ दाखवतात, १३ चा १३.४ दाखवतो. म्हणजे कॅप चांगलेच आहेत ना? मग आवाज का बसलाय? सोल्डरिंग येतं मला, थिअरीत कच्चा आहे.

सोल्डरकाका

अभिनंदन, पुस्तकं आता दुसरीकडे ठेवा 🙂

कॅप मागवायच्या आधी फुकटातली कामं करून घ्या. अँपच्या डाव्या-उजव्या वायरी बदलून बघा, दोष खोक्याबरोबर राहतो की अँपबरोबर जातो ते कळेल. मग दोन्हीकडचे ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचे ड्रायव्हर, आपसात बदला. यात लागलेल्या के-७७ ट्वीटरचा पडदा जाणं ही जुनीच तक्रार आहे, आणि पडदा गेला असेल तर कितीही भारी कॅप घाला, काही होणार नाही. ट्वीटर बदलूनही डावीकडेच दबलेलं राहिलं तर मग क्रॉसओव्हरवर संशय घ्यायचा. आणखी एक, फळीवरच्या पट्टीचा प्रत्येक स्क्रू सैल करून परत आवळा. त्यावर पन्नास वर्षांचं ऑक्साइड बसलेलं असतं, निम्म्या लोकांचा 'कॅप बदलल्यावर पडलेला फरक' तिथूनच येतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

मल्टिमीटरचं म्हणाल तर तो फक्त किती मायक्रोफॅरड ते सांगतो. कॅपच्या आतला सिरीज रेझिस्टन्स, ज्याला ईएसआर म्हणतात, तो त्याला दिसत नाही. जुन्या डब्यात व्हॅल्यू जागेवर राहते आणि ईएसआर गुपचूप वाढत जातो. त्यात जुना, गळका कॅप साध्या मीटरवर उलट जरा जास्तच दाखवतो, त्यामुळे २.१ बघून खूश होऊ नका. कुणाकडून एलसीआर मीटर (ईएसआरही मोजणारा मीटर) मिळाला तर १० किलोहर्ट्झला मोजा, १ किलोहर्ट्झला नको, ट्वीटर जिथे काम करतो तिथलं खरं चित्र हवं. कॅपचं एक टोक सर्किटमधून सोडवून मोजायचं, नाहीतर कॉइलच मोजत बसाल.

गरमकान

काका नेहमीसारखेच मीटर घेऊन आले 😀 भाऊ, मी स्वतः हेच केलंय, माझी क्लिप्शच्याच हेरेसी स्पीकरची जोडी आहे. आधी साधे पॉलिप्रॉपिलीनचे फिल्म कॅप घातले, स्वच्छ पण कोरडं. मग कॉपर फॉइलवाले तेलातले घातले आणि आवाजात हवा आली, गाणाऱ्याच्या ओठांचा आवाज ऐकू यायला लागला. भोंगा सगळं उघडं पाडतो, त्यामुळे भोंग्यात कॅपचा फरक साध्या स्पीकरपेक्षा जास्त कळतो. घालणारच असशील तर एकदाच चांगले घाल आणि शंभरेक तास वाजू दे, पहिले काही दिवस कडक वाटतील, घाबरू नकोस.

मोजूनबोला

हे शंभर तास कॅपसाठी नसतात हो, कानासाठी असतात. फिल्म कॅपमध्ये शंभर तासांनी काय बदलतं ते कुणीतरी मोजून दाखवावं, मी हा धागा सोडून जाईन.

कंपनीचे संस्थापक पॉल क्लिप्श कोटाच्या कॉलरच्या आतून एक पिवळा बिल्ला लावायचे, त्यावर 'बुलशिट' लिहिलेलं. कुणी काही अचाट दावा केला की कॉलर उलटून दाखवायचे. त्यांच्याच स्पीकरबद्दल बोलताना मला तो बिल्ला सारखा आठवतो.

आता कामाचं. ला स्कालाची सेन्सिटिव्हिटी १०४ डीबी (डेसिबल) आहे, म्हणजे २.८३ व्होल्टला एक मीटरवर १०४. एवढ्याशा व्होल्टेजला एवढा आवाज, म्हणून घरात कॅपवर जेमतेम व्होल्ट-दोन व्होल्ट येतात. अगदी १०० वॉट ओतले तरी ८ ओहमला २८ व्होल्ट. तेव्हा ६३० व्होल्टचे गलेलठ्ठ कॅप घेऊन फळीवर जागा शोधत बसू नका, २५० चे भरपूर झाले. पॉलिप्रॉपिलीन घ्या, व्हॅल्यू तीच ठेवा, दोन्ही बाजू एकमेकांशी एक-दोन टक्क्यांत जुळवा. बाकी ब्रँडची नावं ज्याची त्याला लखलाभ.

भोंगेवाला७६

धन्यवाद सगळ्यांना. रविवार यातच गेला.

अँप बदलून बघितला, दोष डाव्या खोक्यातच. ट्वीटर बदलले, तरी डावीकडेच. मग दोन्ही फळ्याच अदलाबदल केल्या आणि गोधडी उजवीकडे गेली! म्हणजे फळीच दोषी. स्क्रू आवळले, एक तर हातानेच फिरला एवढा सैल होता, थोडा फरक पडला पण पूर्ण नाही.

मित्राच्या ऑफिसातून एलसीआर मीटर आणला, १० किलोहर्ट्झ. वाईट फळीवरचे २ मायक्रोचे दोन कॅप, ईएसआर २.६ आणि २.२ ओहम. चांगल्या फळीवर ०.९ आणि १.१. हे किती वाईट म्हणायचं? आणि १३ च्या डब्याच्या बुडाशी चिकट काळपट ओलावा आहे, बोटाला तुपासारखं लागलं, ते काय आहे?

सोल्डरकाका

आधी ते शेवटचं. हात साबणाने धुवा आणि परत हातमोज्याशिवाय त्याला शिवू नका. त्या काळच्या तेलाच्या कॅपमध्ये पीसीबी असू शकतं. सर्किट बोर्डवालं पीसीबी नव्हे, पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, विषारी रसायन आहे, अमेरिकेत १९७९ मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी आली. तुमचे डबे त्याआधीचे. डब्यावर 'नो पीसीबीज' असं छापलेलं नसेल तर आहेच असं धरून चाला. कुतूहल म्हणून कापायचा, भोक पाडायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही. पिशवीत बंद करा आणि घातक कचरा जिथे घेतात तिथे द्या, रोजच्या कचऱ्यात टाकू नका. फडक्याने पुसलंत तर ते फडकंही त्याच पिशवीत.

आता ईएसआर. टाइप एएमध्ये ट्वीटरच्या वाटेवर हे दोन कॅप एकामागे एक आहेत, मधून कॉइल खाली जाते. ढोबळ हिशेब करायचा तर दोघांची बेरीज ४.८ ओहम, ट्वीटर ८ ओहमचा धरला तर जवळपास ४ डीबी तिथेच गेले. आणि तुम्ही जिला चांगली म्हणताय त्या फळीवर बेरीज २ ओहम, म्हणजे तीही २ डीबी खाऊन बसलीये. नव्या फिल्म कॅपचा ईएसआर ओहमच्या शंभराव्या हिश्शात असतो. तेव्हा एकच बाजू बदलायच्या भानगडीत पडू नका, दोन्ही करा. नाहीतर आज डावी दबलेली आहे, उद्या तुम्ही उजवीबद्दल धागा काढाल.

१३ चा मिळाला नाही तर १० आणि ३ समांतर जोडा, ३.३ असेल तरी चालेल, १३.३ ने काही बिघडत नाही. नवे डबे बसवताना कॉइल इकडेतिकडे सरकवू नका, दोन कॉइल अंगाला अंग लावून ठेवल्या तर त्या एकमेकींशी बोलायला लागतात. आणि कॅप नुसते तारेवर लोंबकळत सोडू नका, ला स्कालाचं खोकं चांगलंच थरथरतं, पट्टीने आवळा.

गरमकान

कॅप बदलल्यावर एक काम कर, स्क्वॉकर, म्हणजे मधल्या आवाजाचा ड्रायव्हर, जरा ओरडतो, तो ऑटोट्रान्सफॉर्मरवर एक टॅप (वायर जोडायचं टोक) खाली घे, ३ डीबी कमी. गाणं एकदम शांत होतं. मी तसंच केलंय, एक वायर हलवायची फक्त.

मोजूनबोला

थांबा थांबा, ही एक वायर नाहीये. याच एका सल्ल्यासाठी मी परत आलो, कारण यात लोक फसतात.

ऑटोट्रान्सफॉर्मर नुसता आवाज कमी करत नाही, तो कॅपला दिसणारा इंपीडन्सही (ओहममधला अडथळा) बदलतो. दर ३ डीबीला दुप्पट. स्क्वॉकर १६ ओहमचा, मूळ जोडणीतच तो ३ डीबी खालच्या टॅपवर आहे, त्यामुळे कॅपला ३२ ओहमचा दिसतो. आता ३२ ओहम आणि १३ मायक्रो सूत्रात टाका, ३८० हर्ट्झच्या आसपास उत्तर येतं, आणि या क्रॉसओव्हरचा छापील आकडा ४०० आहे. १३ ही विचित्र व्हॅल्यू आली कुठून याचं उत्तर तेच. आता तुम्ही ६ डीबीच्या टॅपवर गेलात तर ३२ चे ६४ होतात, १३ तसाच ठेवला तर कटऑफ, म्हणजे ज्याच्या खाली आवाज अडवला जातो ती हद्द, सरळ १९० वर. म्हणजे जो ड्रायव्हर ४०० च्या खाली जायलाच नको त्याच्या गळ्यात तुम्ही आणखी एक सप्तक बांधलंत. आवाज 'शांत' वाटतो कारण तो कमी झालाय, पण मोठ्याने लावल्यावर ड्रायव्हर काय म्हणतो ते बघा. टॅप खाली घ्यायचाच तर १३ च्या जागी ६.५ लागेल. टॅप आणि कॅप हे नवरा-बायको आहेत, एकट्याला बोलावता येत नाही.

गरमकान

बरं, हे मला खरंच माहीत नव्हतं. माझे स्क्वॉकर अजून जिवंत आहेत ते नशीबच म्हणायचं. आज रात्रीच वायर परत मागे घेतो. कॅपच्या आवाजाबद्दल मात्र माघार नाही.

भोंगेवाला७६

उशीर झाला, कॅप यायला वेळ लागला. झालं काम!

जुन्या फळ्यांना हात लावायचाच नाही असं ठरवलं होतं, पण ऑटोट्रान्सफॉर्मर आणि कॉइल त्याच वापरायच्या म्हटल्यावर इलाज नव्हता. मग कापण्याऐवजी सगळं नीट सोडवलं, आधी फोटो काढले, तरी एका जागी पिवळी वायर कुठून आली ते आठवेना आणि अर्धा तास घाम फुटला. डबे पिशवीत बंद, हातमोजे घालून. साधे पॉलिप्रॉपिलीन घातले, २ चे चार आणि १३ साठी १० अधिक ३.

मुद्दाम आधी फक्त डावीकडचं केलं. माइक लावून पिंक नॉइझ (चाचणीसाठीचा सगळ्या सुरांचा खरखराट) वाजवला तर ८ किलोहर्ट्झच्या वर डावी बाजू चार डीबीला जराशी कमी एवढी वर आली, म्हणजे सोल्डरकाकांचा ढोबळ हिशेब फार ढोबळ नव्हता. आणि गंमत म्हणजे आता उजवी बाजू गोधडीखाली वाटायला लागली, जी आधी मला 'ठीक' वाटत होती! मग तीही केली. ब्रशने ड्रम वाजवतात ना, तो सरसर आवाज आता खोक्यातून येत नाही, खोक्याच्या पुढे कुठेतरी येतो.

एक शंका राहिली, ट्वीटरला जे दोन झेनर डायोड पाठीला पाठ लावून जोडलेत ते काढून टाकू का? त्यांनी आवाज खराब होतो म्हणतात.

सोल्डरकाका

राहू द्या. ते ट्वीटरच्या रखवालदारीला आहेत, ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलं तरच चालू होतात, घरच्या आवाजात झोपलेले असतात. के-७७ चा पडदा फाटला की मग कळेल ते कशासाठी होते. काढायचेच असतील तर आधी आवाजाच्या बटणावर घरात फक्त तुमचाच हात असतो याची खात्री करा.

आणि जुन्या डब्यांचे फोटो जपून ठेवा, पुढेमागे जोडी कुणाला दिलीत तर काय बदललंय ते दाखवता येईल.

भोंगेवाला७६

घरात दोन पोरं आहेत, डायोड राहतील.

जाता जाता एक, गरमकान भाऊंचं मन राखायला मित्राकडून कॉपर फॉइलवाले २ चे कॅप दोन दिवस आणले, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला माझे, दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी, गाणं मोनो करून बायकोला स्विच दिला आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो. दहापैकी पाच वेळा बरोबर सांगितलं.

गरमकान

भिंतीकडे तोंड करून बसल्यावर काय ऐकू येणार, कप्पाळ? परत कर, या वेळी स्पीकरकडे तोंड करून आणि डोळ्यांवर पट्टी बांधून.

मोजूनबोला

आणि दहा नको, निदान वीस वेळा. स्विच वहिनींकडेच राहू द्या, त्यांना निकालात काही रस नाही हे फार चांगलं आहे.