शिक्षण परिषदेत मुलांचं लेखन मांडायचंय, 15 मिनिटांत काय दाखवू?

कांडीवाली: सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला महापालिकेच्या शाळेत सातवीला मराठी शिकवते. घरी तेलुगू बोलणारी पोरं निम्म्याहून जास्त. यंदा ‘घरातलं काम’ या विषयावर 22 जणांचं हस्तलिखित केलं. आता आमच्या केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत मांडायला सांगितलंय, तेही जेवणानंतर.

एका पोरानं आधी लिहिलं होतं, ‘माझी आई खूप कष्ट करते. आई थोर असते.’ मी एवढंच विचारलं, काल संध्याकाळी आई काय करत होती? दुसऱ्या दिवशी वहीत हे आलं: ‘अम्मा विड्या वळते. मी जुड्या बांधतो. कारखान्यात छाट काढतात. ज्यादिवशी छाट जास्ती, अम्मा येताना बोलत नाही.’ (छाट म्हणजे नापास करून बाजूला काढलेल्या विड्या.)

मुख्याध्यापकांना पहिलंच आवडलंय. ‘अम्मा’चं ‘आई’ करा, टाईप करून घ्या, फोटो टाकून पीपीटी करा म्हणतात. सुचंना झालंय.

रिटायर्ड_मास्तर: बाई, पीपीटीच्या नादी लागू नका. जेवणानंतर पंखा आणि पडदा म्हणजे अर्धी परिषद झोपली. दोन्ही मसुदे एकाच कागदावर घ्या, मुलाच्या अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घ आहे तसं. झेरॉक्स वाटा. 3 मिनिटं तुम्ही बोला. मग विचारा, या पोराच्या वहीत लाल पेनानं तुम्ही काय लिहिलं असतं? उरलेला वेळ तेच भांडतील. मी स्वतः 30 वर्षं ‘शुद्धलेखन सुधारा’ एवढंच लिहीत आलो.

भीमाकाठ: मसुदे दाखवाच, पण घरी विचारलंत का? मी एकदा वडिलांच्या दारूवरचा निबंध परिषदेत वाचला, नाव न घेता. सभागृहात त्याच गावचे एक गुरुजी होते. संध्याकाळपर्यंत घरी कळलं. त्या पोरीनं वर्षभर वहीत तारखेखेरीज काही लिहिलं नाही. चूक माझी.

आणि एकच लेख नेऊ नका, नाहीतर सगळी चर्चा गरिबीवर जाते. हलकंफुलकं काही आहे का?

कांडीवाली: आहे की! एकीनं लिहिलंय, ‘माग चालू असला की आजोबा घोरतात. लाइट गेली, माग थांबला की दचकून उठतात, काय झालं विचारतात.’ हेच आधी वाचते.

काल विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, त्या विड्यांवर लिहिणाऱ्या पोराच्या घरी जाऊन आले. अम्मानं सूप मांडीवरून खाली ठेवलं नाही, कात्री चालूच. पोरानं तेलुगूत वाचून दाखवलं. ती म्हणाली, कारखान्याचं नाव नको, आमचं पण नको, बाकी वाचा. मग विचारलं, किती मास्तर येणार? म्हटलं चाळीसेक. ‘त्यातल्या कुणाची आई विड्या वळायची का, तेवढं बघून या.’

झेरॉक्स 40 सांगितल्यात. मुख्याध्यापकांना अजून बोलले नाही.