शब्दचर्चा : 'सेल्फ-डायरेक्टेड लर्नर'ला काय म्हणावं?

प्रश्न : ऑनलाइन अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका लिहितेय. 'विद्यार्थ्यांना स्वयंअध्ययनशील बनवणे' असं एक उद्दिष्ट टाकलं होतं. सहकारी म्हणतात, 'स्वयंनिर्देशित' लिहा. वाचणारी मुलं पदवीच्या पहिल्या वर्षाची आहेत. दोन्हींत खरंच फरक आहे का?

— आहे, आणि चांगलाच आहे. शिक्षक समोर नसताना आपलं आपण वाचणं म्हणजे स्वयंअध्ययन. 'चौथं प्रकरण घरी वाचून या' हेही स्वयंअध्ययनच झालं, पण त्यात ठरवलं सगळं शिक्षकाने. स्वयंनिर्देशित म्हणताना प्रश्न येतो तो हे ठरवण्याचा. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७५ साली केलेली व्याख्या आजही आधाराला घेतली जाते : आपल्याला काय शिकायला हवं ते ओळखणं, उद्दिष्ट आखणं, माणसं आणि साधनं शोधणं, पद्धत निवडणं आणि शेवटी काय साधलं ते तपासणं, या सगळ्यात पुढाकार विद्यार्थ्याचा. दुसऱ्याची मदत घेऊन किंवा न घेता, असंही त्यांनी स्पष्ट म्हटलंय. 'स्वयं' दिसलं की आपण लगेच 'एकट्याने' असा अर्थ लावतो, तो इथे चुकतो. कुठे अडलंय ते ओळखून नेमक्या माणसाला विचारणारा विद्यार्थी स्वयंनिर्देशितच.

— सरळ 'स्वाध्याय' का नको? छोटा आहे, रुळलेला आहे.

— रुळलाय हीच तर अडचण! मूळ अर्थ आपल्या वेदशाखेचं पठण, पण मुलांच्या डोळ्यांपुढे येतात ते धड्याखालचे प्रश्न. 'स्वाध्याय शुक्रवारपर्यंत जमा करा' म्हटल्यावर कुणाच्या मनात पुढाकाराचा विचार येईल?

— आणखी एक गल्लत नेहमी दिसते. व्हिडिओ केव्हाही बघता येतात म्हणून 'हा कोर्स स्वयंनिर्देशित आहे' असं लिहितात. तो फक्त स्वयंगतीचा. वेळ तुमची, पण विषय, क्रम, परीक्षा सगळं आधीच ठरलेलं. 'स्वयंनियमन' हाही वेगळा शब्द. कामाआधी आखणी, काम करताना स्वतःवर लक्ष आणि नंतर आढावा, अशी त्याची मांडणी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी केली आहे. यात काम दुसऱ्याने नेमून दिलेलं असलं तरी चालतं. माझ्या मते पहिल्या वर्षाला सुरुवात इथूनच करावी.

— माझा आक्षेप विशेषणाला नाही, क्रियापदाला आहे. 'स्वयंनिर्देशित बनवणे'! बनवणारे तुम्ही असाल तर 'स्वयं' उरलं कुठे? 'होण्यास मदत करणे' लिहा. हा नुसता व्याकरणाचा कीस काढणं नव्हे. अमेरिकी प्राध्यापक जेराल्ड ग्रो यांनी १९९१ मध्ये विद्यार्थ्याचे चार टप्पे सांगितले : परावलंबी, रस घेणारा, सहभागी आणि स्वयंनिर्देशित. टप्प्यानुसार शिक्षकाची भूमिकाही बदलते. आधी सांगणारा, मग उत्साह देणारा, मग सोबत चालणारा, शेवटी लागलं तर सल्ला देणारा. पहिल्या टप्प्यावरच्या मुलाला एकदम मोकळं सोडलं तर त्याला ते स्वातंत्र्य वाटत नाही, आपल्याला वाऱ्यावर सोडलं असं वाटतं. ऑनलाइन वर्गात तर तो गप्प झालेला दिसतही नाही. लॉगिन बंद होतं एवढंच.

प्रश्नकर्ती : पटलं. मग उद्दिष्टात 'स्वयंनिर्देशित अध्ययनाकडे जाण्यास मदत करणे' असं ठेवते आणि त्याखाली मुलांशी थेट बोलते : 'सुरुवातीचं वेळापत्रक आम्ही देऊ. पुढे आठवड्याचं नियोजन तुम्ही कराल आणि आम्हाला दाखवाल. प्रकल्पाचा विषय तुम्ही निवडाल. आपल्या कामाला आधी तुम्ही गुण द्याल, मग आमचे गुण पाहाल.' चालेल?

— उत्तम. फक्त गुण कशाच्या आधारे द्यायचे, ते निकष आधीच हातात द्या. नाहीतर सगळे स्वतःला दहापैकी नऊ देतील.

— किंवा पाच. हुशार मुलं हमखास पाच देतात.