१९९१ची एमएक्स-५ घरीच सांभाळायची आहे: आधी काय हातात घेऊ? (सल्ला हवा)

धागाकर्ती

मंडळी, मदत हवी आहे. मामाची १९९१ची माझदा एमएक्स-५ आता माझ्याकडे आली आहे. दोन सीटची, छत उघडणारी, १.६ लिटरची, बॉनेटमधून हेडलाइटचे डोळे वर काढणारी. गिअर टाकताना मामाचं फक्त मनगट हलायचं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. मला ही गाडी विकायची नाही, शोभेला झाकूनही ठेवायची नाही. चालवायची आहे.

रनिंग १ लाख ४२ हजार किलोमीटर. गेली दोन वर्षं बहुतेक उभीच होती. सध्याची दुखणी:

– इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खाली तेल. एका मेकॅनिकने क्रँकचं (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगितलं.
– पाऊस पडून गेला की सीटमागचं कार्पेट ओलं.
– थंड इंजिन चालू केलं की पहिला अर्धा मिनिट टिकटिक.

मनात आहे ते असं: १७ इंची चाकं, गाडी थोडी खाली बसवणारं सस्पेन्शन आणि पुढे कधीतरी टर्बो. माझ्याकडे सॉकेटचा संच, टॉर्क रेंच, ट्रॉली जॅक आणि चार स्टँड आहेत. ऑइल, ब्रेक पॅड, प्लग मी स्वतः बदलते. सुरुवात कुठून करू?

तेलकट_हात

गिअरबॉक्सला हात लावू नका! आधी बॉनेट उघडा.

हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मागच्या टोकाला, फायरवॉलला म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला जवळजवळ चिकटून, कॅम अँगल सेन्सर आहे. त्याच्या दांड्यावर एक ओ-रिंग असते. तीस वर्षांच्या उष्णतेने ते रबर प्लास्टिकसारखं कडक होतं आणि तिथून तेल झिरपायला लागतं. ते हेडच्या मागून घरंगळत बेल हाउसिंगवर (गिअरबॉक्सच्या इंजिनला जुळणाऱ्या तोंडावर) येतं आणि खालून बघणाऱ्याला वाटतं की क्रँकचं सील गेलं. या इंजिनांवर हा गोंधळ इतका नेहमीचा आहे की ओ-रिंग बदलल्याशिवाय दुसरा कुठलाही निष्कर्ष मी मानत नाही. वाटेत हीटरचे होज आहेत, तेल लागून तेही फुगतात आणि मऊ पडतात. ते दाबून बघा.

काम असं: सेन्सर आणि हेड यांच्यावर मिळून एक बारीक रेघ ओरखडा. ही रेघ विसरू नका, कारण सेन्सर फिरला की इग्निशन टायमिंग फिरतं. मग १२ मिमीचा एकच बोल्ट काढा, सेन्सर हलक्या हाताने बाहेर ओढा, जुनी रिंग कापा, नवीन रिंगला ऑइल लावून बसवा आणि रेघेला रेघ जुळवून बोल्ट कसा. जागा अडचणीची आहे, बोटांनी चाचपत करावं लागतं, पण खर्च एका रिंगचा. नंतर टायमिंग लाइट मिळाला तर डायग्नॉस्टिक पेटीतल्या टेन आणि ग्राउंड या जागा तारेने जोडून टायमिंग तपासा. टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यांत वर असतो त्या क्षणाच्या) आधी १० अंश हवं.

टिकटिक हायड्रॉलिक लिफ्टरची असणार, म्हणजे तेलाच्या दाबावर व्हॉल्व्हची फट भरून काढणाऱ्या भागांची. उभ्या गाडीत त्यांच्यातलं तेल उतरून जातं. ताजं ऑइल, चांगला फिल्टर, आणि गाडी नियमित चालवा. इंजिन गरम झाल्यावरही आवाज राहिला तरच पुढचा विचार.

आणखी एक. तुमचं साल १९९१ आहे म्हणून क्रँक पुलीकडे टॉर्च मारून बघा. खाचा चार असतील तर तो सुरुवातीचा, आखूड नाकाचा क्रँक. आठ असतील तर नंतरचा, जाड नाकाचा. चार असतील तर टायमिंग बेल्टच्या कामात पुलीची चावी, तिची खाच आणि बोल्टचा टॉर्क यांत कसलीही हयगय चालत नाही. तिथे ढिलाई झाली की क्रँकचं नाकच झिजतं.

बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर बदलाच. ठरलेलं अंतर सुमारे ९६ हजार किलोमीटर, पण रबराला वयही असतं. बेल्ट तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, गाडी फक्त जागच्या जागी बंद पडते. त्याच कामात वॉटर पंप आणि पुढची सीलंही उरकून घ्या.

पन्हाळीवाली

ओलं कार्पेट म्हणजे छताच्या पन्हाळी तुंबल्या. सीटमागे दोन्ही कोपऱ्यांत भोकं आहेत, त्यांत पाणी हळूहळू ओता. मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली धार पडली पाहिजे. पडली नाही तर नायलॉनची जाड दोरी फिरवत आत घाला. लोखंडी तार नको, आतली नळी फाटते आणि मग पाणी कायमचं सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात. या गाड्यांचा पत्रा नेमका तिथूनच, मागच्या चाकापुढे, आतून बाहेर सडतो. फुगा आलेला दिसतो तेव्हा आतलं बरंच गेलेलं असतं. टर्बोचं स्वप्न बाजूला ठेवून हे आजच करा.

जाता जाता: बॅटरी डिकीत आहे. वायू बाहेर नेणाऱ्या नळीशिवायची साधी बॅटरी तिथे कुणी बसवलेली नाही ना, तेवढं बघा. आम्लाची वाफ आसपासचा पत्रा खाते.

वळणवेडा

१७ इंचीला माझा स्पष्ट विरोध. या गाडीची सगळी मजा हलकेपणात आहे. अख्खी गाडी टनाच्या आत बसते, आणि तिची मूळ सात पाकळ्यांची १४ इंची चाकं प्रत्येकी सुमारे साडेपाच किलोची. त्या जागी जड चाक लावलं की खड्ड्यात चाक उशिरा खाली येतं, स्टिअरिंग मुकं होतं. १५ इंचीपर्यंत जा, तेही हलकी मिळाली तरच.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. टायर उभ्या गाडीचेही म्हातारे होतात. नक्षी भरपूर दिसते पण रबर दगड झालेलं असतं. १८५/६० आर १४ मापाचे चांगले ताजे टायर हा या गाडीचा पहिला अपग्रेड, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा.

त्यानंतर सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतली रबरं) आणि चांगले शॉक ॲब्सॉर्बर. चारही चाकांना डबल विशबोन (वर-खाली दोन आडवे हात) आहे, म्हणजे बुश पुष्कळ. चाकाचा कोन ठरवणारे एक्सेंट्रिक बोल्ट ढिले करण्याआधी त्यांच्या जागेवर खूण करा, गंजून बसले असतील तर दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. आणि बुशचे बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाकं लोंबकळत असताना कसलं तर गाडी खाली आल्याबरोबर प्रत्येक बुश पिळला जातो आणि वर्षभरात फाटतो. माझा पहिला संच मी असाच वाया घालवला. शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट.

धागाकर्ती

सगळ्यांना मनापासून धन्यवाद! खाचा मोजल्या, आठ आहेत. टर्बोबद्दल कुणीच बोललं नाही, तो अगदीच चुकीचा विचार आहे का?

तेलकट_हात

चुकीचा नाही, पण आत्ताचा नाही. १.६च्या मागच्या एक्सलमधला डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअर) लहान, ६ इंचाचा. १९९४पासून १.८ सोबत ७ इंचाचा आला. ताकद वाढवली की आधी तो आणि क्लच बोलायला लागतात. शिवाय रेडिएटर. त्याची वरची प्लास्टिकची टाकी बघा. काळी असेल तर ठीक, हिरवट-तपकिरी झाली असेल तर ती केव्हाही चिरेल. टर्बो असो वा नसो, तो बदलाच.

वळणवेडा

ब्रेक आधी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि उकळबिंदू घसरतो. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ती मर्यादा १५५ वर येते. घाटात सलग ब्रेक मारताना हा फरक पायाला कळतो. दर दोन वर्षांनी बदला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ चालतं, नावावरून फसू नका.

धागाकर्ती

काल दिवसभर गाडीखाली होते. ओ-रिंग काढली तर ती वाकेचना, दोन बोटांत धरून दाबली तशी कडकन तुटली. नवी बसवली, सगळं पुसून घेतलं, आज ६० किलोमीटर फिरवली. हेडच्या मागे कोरडं! डावी पन्हाळ मोकळी होती. उजवीतून पानांचा काळा चिखल निघाला, मूठभर, आणि मग पाण्याची धार. सिल टोचून बघितले, पत्रा घट्ट आहे. टायर निघाले ११ वर्षांचे, नवे मागवले १४ इंचीच.

आता एकच. क्लचच्या खालच्या सिलिंडरचं (गिअरबॉक्सजवळ क्लच ढकलणाऱ्या) रबर मागे सरकवलं तर आत ओलसर आहे. ऑइलची पातळीही किंचित उतरलीय. नुसती किट घालू की सिलिंडर बदलू?

तेलकट_हात

सिलिंडर बदला, आणि वरचा मास्टर (पेडलजवळचा सिलिंडर) ही सोबतच. खालचा नवा झाला की थोड्याच दिवसांत वरचा जुना गळायला लागतो, हे मी दोन गाड्यांवर पाहिलंय. हवा काढताना पेडल दाबायला कुणाला तरी शेजारी बसवा आणि वरची टाकी मधे रिकामी होऊ देऊ नका. जुनं ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.