हायब्रिड गाडी खरंच किती देते? ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायराइडर आणि होंडाची सिटी ई:एचईव्ही या तिन्ही स्ट्राँग हायब्रिड (म्हणजे पेट्रोल इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवरही काही वेळ चालणाऱ्या) २०२२ मध्ये आल्या, वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस आली. म्हणजे या गाड्यांनी आपल्याकडचे काही पावसाळे आणि खड्डे पाहून झालेत. तरी सोसायटीत "किती देते हो?" असं विचारलं की दोनच आकडे ऐकू येतात. एक जाहिरातीतला, दुसरा कुणाच्या तरी मेव्हण्याचा.

जाहिरातीतले आकडे (लिटरला किलोमीटर) सगळ्यांना पाठ आहेत. ग्रँड विटारा-हायराइडर २७.९७, सिटी सुरुवातीला २६.५, हायक्रॉस २३.२४. हे आकडे ज्या चाचणीतून येतात ती गाडी रोलरवर चढवून होते. किती सेकंद पळवायची, किती सेकंद थांबवायची हे आधीच ठरलेलं असतं. वेग ९०च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. त्यात पातलीपाड्याचा सिग्नल नाही, गायमुखचा चढ नाही आणि मे महिनाही नाही.

म्हणून इथे लिहा. मात्र नुसता आकडा टाकून पळू नका. रस्ता कुठला, वेळ कुठली, एसी होता का, आणि आकडा डॅशबोर्डवरचा आहे की टाकी ते टाकी मोजलेला, तेही सांगा. टाकी ते टाकी म्हणजे पंपावर ऑटो कटला (टाकी भरली की नळी आपोआप बंद होते तिथे) थांबायचं, पुढच्या खेपेला शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरायचं आणि मधल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागायचं. पंपावरच्या पोराला "राउंड फिगर कर रे" म्हणालात की हिशेब गेला.

माझं सांगतो. हायराइडर, कासारवडवली ते पवई, ऐन गर्दीच्या वेळी, एसी कायम चालू. टाकी ते टाकी बावीस-तेवीस पडतं. डॅशबोर्ड त्याच धावेला एक-सव्वा किलोमीटर जास्त दाखवतो. आधीची पेट्रोल ऑटोमॅटिक याच रस्त्यावर दहा-अकराच्या वर कधी गेली नाही. रविवारी रस्ता मोकळा असला तरी आकडा वाढत नाही, उलट जरा उतरतो. मानपाडा ते माजिवडा मेट्रोच्या खांबांखालून रांगताना इंजिन बराच वेळ बंदच असतं. ऑक्टोबर २०२४ पासून मुलुंड नाक्यावर हलक्या गाड्यांचा टोल गेला, रांग कमी झाली, आणि माझी फुकटात बॅटरीवर चालण्याची जागाही गेली. ही तक्रार नाही, बरं का.

ऐरोलीतला

सिटी ई:एचईव्ही. ऐरोली ते तळोजा एमआयडीसी, महापे-शिळफाटा मार्गे. शिळफाट्याला कंटेनरच्या मागे किती वेळ जातो ते तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको. टाकी ते टाकी बावीसच्या आसपास, डिसेंबर-जानेवारीत तेवीसच्या पुढे. एक्स्प्रेसवेवर ८०-८५ने गेलो तर तेवढंच, १००ला धरली तर एकोणीस-वीस.

घोडबंदरकर म्हणतात त्याचं कारण सरळ आहे. कुठलंही पेट्रोल इंजिन कमी लोडवर, म्हणजे रांगताना, सगळ्यात जास्त पेट्रोल वाया घालवतं. हायब्रिडमध्ये अशा वेळी ते बंद होतं आणि मोटर गाडी ओढते. चालू झालंच तर त्याला सोयीच्या लोडवर चालतं आणि जास्तीची ताकद बॅटरीत टाकतं. शिवाय ब्रेक मारला की एरवी नुसती उष्णता होऊन जाणारी ऊर्जा थोडी परत मिळते. हायवेवर हे दोन्ही फायदे आटतात. ब्रेकच नाही तर परत काय मिळणार? हवेचा विरोध तर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०चे १०० केले की विरोध दीडपटीहून जास्त. उंच एसयूव्हीला त्याचा फटका अधिक, बुटक्या सेडानला कमी. माझ्या गाडीत सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाला इंजिन क्लचने थेट चाकांना जोडलं जातं, त्याचाही थोडा उपयोग होतो.

आता बोरघाट, कारण सगळ्यांची तीच समजूत दिसते: "चढताना जाळलं ते उतरताना वसूल." होत नाही. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरची चढण धरा आणि माणसांसकट चौदाशे किलोची गाडी. नुसती तेवढी उंची चढायला साधारण दोन युनिट वीज लागेल एवढी ऊर्जा खर्च होते. हायराइडरची अख्खी बॅटरी पाऊण युनिटाची, आणि तीही गाडी पूर्ण भरू देत नाही की पूर्ण रिकामी करू देत नाही. म्हणजे उतरताना खोपोली यायच्या बरंच आधी बॅटरी भरते आणि पुढचा उतार फुकट जातो. त्यानंतर इंजिनचा आवाज वाढला तर घाबरू नका, पेट्रोल जळत नाहीये, गाडी इंजिन ब्रेकिंग करतेय, म्हणजे इंजिनच्या विरोधानेच वेग आवरतेय. घाट उतरताना गियरचा 'बी' मोड (ॲक्सिलरेटर सोडला की गाडी जास्त रोखून धरणारा) वापरा, ब्रेक तापत नाहीत.

वाशी, सेक्टर १७

तुमचे बावीस-तेवीस वाचून मी गप्प बसणार होते, पण विचारलंच आहे तर सांगते. स्ट्राँग हायब्रिडच आहे, शोरूममधून नीट विचारून घेतलेली. माझं ॲव्हरेज चौदा-पंधरा. तक्रार नोंदवली, त्यांनी गाडी तपासली, दोष काही निघाला नाही.

मी निवृत्त शिक्षिका. गाडी कुठे जाते? मंडई, बँक, नातवाचा क्लास सेक्टर ९ला, संध्याकाळी मिनी सीशोर. एकेक फेरी दोन-अडीच किलोमीटरची आणि प्रत्येक फेरीच्या मध्ये तास-दोन तास गाडी उभी.

ऐरोलीतला

ताई, गाडीत दोष नाही, फेऱ्या लहान आहेत. थंड इंजिन आधी स्वतः तापून घेतं, धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, तोही तापवावा लागतो. तोवर गाडी सिग्नलला उभी असली तरी इंजिन बंद होत नाही. तापून झालं की हायब्रिडचा खरा खेळ सुरू होतो, आणि तेवढ्यात तुमचं घर येतं. जमलं तर दोन-तीन कामं एका दमात करा. सगळ्यात लांबचं आधी, म्हणजे परतीच्या कामांना इंजिन गरम मिळेल.

वाशी, सेक्टर १७

सल्ला पटला. पण क्लासची वेळ मंडईला विचारून ठरत नाही ना!

कामोठ्याचा गाडीवाला

साहेब, हायक्रॉस हायब्रिड, पिवळी पाटी. विमानतळ, पुणे, शिर्डी अशी भाडी. आमच्यात हिशेब लिहून ठेवावाच लागतो, मालक टाकी ते टाकीच मानतो, डॅशबोर्डला विचारत नाही.

मुंबईत गर्दीत पंधरा-सोळा. पुण्याला ऐंशीने नेली तर सतरा-अठरा. पॅसेंजर म्हणाला "फ्लाइट चुकेल, दाबा जरा" की चौदाला येते. शिर्डीला सात माणसं, वर बॅगा, कसारा घाट, तर पंधरा धरून चालायचं. आधी डिझेल इनोव्हा क्रिस्टा होती, ती गर्दीत दहा-अकरा द्यायची. पण डिझेलला भरल्या गाडीत घाटात जी ओढ होती ती वेगळी, हे मान्य करायला पाहिजे.

वेटिंगचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. पॅसेंजर आत बसलेला, एसी चालू, गाडी उभी. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असलं तरी गार हवा येते. नवा माणूस खूश होतो. मग बॅटरी उतरली की इंजिन आपोआप चालू होतं, भरून घेतं, परत बंद. बायामाणसं दचकतात, "ड्रायव्हर नसताना गाडी कशी चालू झाली?" वेटिंगमध्ये किलोमीटर शून्य आणि पेट्रोल जातंय, म्हणून ज्या दिवशी वेटिंग जास्त त्या दिवशी ॲव्हरेज पडतं. मे महिन्यात गाडी उन्हात उभी असली तर विचारूच नका.

आणखी एक. सीटखाली बॅटरीला हवा घेणारी जाळी असते. पोरं तिथे वेफर्सची पिशवी कोंबतात. बॅटरीला गारवा मिळाला नाही तर तिचं काम मंदावतं. मी दर आठवड्याला हात घालून बघतो.

नेरूळ पूर्व

दोनच ओळी. माइल्ड हायब्रिडवाल्यांनी इथे आकडे टाकून गोंधळ करू नये. त्यात मोटर इंजिनला हातभार लावते आणि सिग्नलला बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू करते, एकटी गाडी ओढत नाही. माझ्या शेजाऱ्याची तसलीच आहे, मागे 'हायब्रिड' लिहिलेलं आणि शहरात बारा. तो मला विचारतो तुला बावीस कसं पडतं.

कळव्याचा

सगळे ॲव्हरेज सांगताय, पैसे कुणीच सांगत नाही.

महिना १००० किलोमीटर धरा, पेट्रोल १०४ रुपये. साधी ऑटोमॅटिक अकरा देते, म्हणजे जवळपास साडेनऊ हजार. हायब्रिड बावीस देते, पावणेपाच हजार. महिन्याला पावणेपाच हजार वाचले. दोन्ही गाड्यांच्या किमतीत अडीच लाखांचा फरक धरला तर तो फिटायला साडेचार वर्षं. वाशीच्या ताईंसारखं महिना दोन-तीनशे किलोमीटर असेल तर फिटतच नाही, हिशेब बंद करा आणि गाडी आवडली म्हणून घेतली असं सांगा. त्यात काही वाईट नाही.

माझी सीएनजी. किलोला वीस देते, किलोचा दर ऐंशी धरा. किलोमीटरला चार रुपये. तुमच्या हायब्रिडचे पावणेपाच होतात. मीच स्वस्त.

घोडबंदरकर

दादा, हिशेब चोख. पण रांगेत उभं राहिल्याचा तास कुठल्या खात्यात टाकलात? आणि डिकीतली टाकी?

कळव्याचा

रांगेत मी पेपर वाचतो. डिकीचं मान्य, गणपतीला गावी जाताना बॅगा मांडीवर. पण तुमच्या ग्रँड विटारा-हायराइडरचीही बॅटरी डिकीखालीच आहे, तिथेही मोठी बॅग उभी राहत नाही. मेव्हण्याच्या गाडीत बघितलंय.

पाचपाखाडी

मेव्हणा आलाच शेवटी.

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल; ई-१० म्हणजे दहा टक्के, ई-० म्हणजे निव्वळ पेट्रोल) बद्दल लिहितो, कारण हल्ली प्रत्येक कमी ॲव्हरेजचं खापर त्यावरच फुटतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते, हे गणित कुणालाही करता येतं. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही ई-० साठी बनवलेल्या, ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींसाठी सहा-सात टक्क्यांचीच घट दिली होती, आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्यांसाठी एक-दोन टक्क्यांची. म्हणजे बावीसचे साडेवीस झाले तर ई-२० ला दोष देऊ शकता. बावीसचे सोळा झाले तर टायरमधली हवा बघा, अलाइनमेंट बघा, नाहीतर घरात गाडी आणखी कोण चालवतं ते बघा.

माझी सिटी हायब्रिड, रोज नौपाडा ते बीकेसी. एकवीस-बावीस. मुलगा घेऊन गेला की सतरा. सिग्नल हिरवा झाला की त्याला पुढच्या लाल सिग्नलपर्यंत पहिलं पोचायचं असतं. जोरात दाबलं की इंजिन लगेच जागं होतं, आणि शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक मारला की परत मिळणारी वीजही थोडीच मिळते, बाकीचं काम ब्रेक पॅड करतात. लांबून पाय काढून हळूहळू थांबलं की बॅटरी जास्त भरते. माजिवड्याला पूल उतरताना खालचा सिग्नल लाल दिसतोय, तरी लोक ॲक्सिलरेटर का दाबतात हे मला कधी कळलेलं नाही.

उलवे

ग्रँड विटारा हायब्रिड. अटल सेतूवरून शिवडी, रोज. सेतू २१.८ किलोमीटर, ना सिग्नल ना ब्रेक, वेगमर्यादा १००. वर पुलावर आडवा वारा. मला अठरा-एकोणीस पडतं. ८०ने गेलो की एकवीस येतं, पण मागचा ट्रेलरवाला हॉर्न देतो. ज्या दिवशी पाम बीच आणि सायन-पनवेलवरून जातो त्या दिवशी आकडा चांगला, वेळ दुप्पट. ऑफिसला उशीर करून पेट्रोल वाचवणं मला परवडत नाही. माझ्यासारख्या सलग हायवेवाल्याने हायब्रिड घ्यायच्या आधी विचार करावा असं मत आहे. घरी चार्जर बसवता येत असेल तर इलेक्ट्रिक गाडीचा नक्कीच. आमच्या सोसायटीत चार्जरचा विषय दर सभेत निघतो आणि चहा आला की संपतो.

एक प्रश्न. महिनाभर गावी जायचंय, गाडी बेसमेंटमध्ये राहील. मोठी बॅटरी भरून ठेवली की झालं ना?

कामोठ्याचा गाडीवाला

नाही साहेब. मोठी भरलेली असली तरी छोटी बारा व्होल्टची उतरली तर गाडी उठतच नाही. मोठी बॅटरी गाडीला जोडायचं काम छोटीच करते. आमच्या स्टँडवरची एक गाडी लॉकडाउननंतर अशीच मेली होती, शेवटी दुसऱ्या गाडीची केबल लावून उठवली. कुणाला तरी चावी देऊन जा. आठवड्यातून एकदा स्टार्ट करून 'रेडी' दिवा लागला की अर्धा-पाऊण तास ठेवायला सांगा. पण बेसमेंटमध्ये नको, इंजिन मध्येच चालू होतं आणि धूर कोंडतो. बाहेर काढून उघड्यावर.

उलवे

वॉचमनकाकांना गाडी चालवता येत नाही. भाच्याला सांगतो. तो ती पनवेलला फिरवून आणेल, मग ॲव्हरेजचं काय होईल ते परत आल्यावर लिहितो.