फोर्कच्या आधीची ओळ दोनदा छापली जाते, पत्ता एकच पण किंमत वेगळी: ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोर्समध्ये अडकले आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑपरेटिंग सिस्टिमची तोंडओळख करून देणारा एक ऑनलाइन कोर्स करते आहे. कॉलेजच्या क्रेडिटचा आहे, म्हणजे दर आठवड्याला व्हिडिओ, क्विझ आणि सी भाषेतली एक असाइनमेंट. ती आपण लिनक्सवर लिहायची आणि अपलोड केली की ऑटोग्रेडर तपासतो.

क्विझमधली गणितं जमतात. गँट चार्ट (कोणती प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, कधी चालली याचा तक्ता) मांडून सरासरी वेटिंग टाइम काढता येतो. बेलाडीचं उदाहरण वहीत सोडवून बघितलं: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाला फिफो पद्धतीत (आधी आलेलं पान आधी काढायचं) ३ फ्रेम, म्हणजे रॅममधल्या पानांच्या जागा, दिल्या तर ९ पेज फॉल्ट (हवं ते पान रॅममध्ये नसणं), आणि ४ दिल्या तर उलट १०. फार आवडलं ते. पण स्वतः प्रोग्रॅम लिहून चालवला की समोर जे दिसतं, त्याचा वहीतल्या गणिताशी मेळ लागत नाही.

पहिला घोळ असा. माझा प्रोग्रॅम प्रिंटएफने 'सुरुवात' छापतो, मग फोर्क करतो, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढतो (मूळ ती पॅरेंट, प्रत तो चाइल्ड). चाइल्ड 'चाइल्ड' छापून संपतो, पॅरेंट वेट करून थांबतो आणि मग 'पॅरेंट' छापतो. टर्मिनलवर तीन ओळी येतात, हव्या तशाच. ऑटोग्रेडर मात्र म्हणतो की चार ओळी आल्या: सुरुवात, चाइल्ड, सुरुवात, पॅरेंट. फोर्क तर 'सुरुवात'च्या खाली आहे. चाइल्ड फोर्कच्या पुढून चालू होतो असंच शिकवलंय. मग त्या दुसऱ्या 'सुरुवात'चा उगम कुठला?

दुसरं, एक्स नावाचा व्हेरिएबल, किंमत १०. फोर्कनंतर चाइल्डमध्ये ती ९९ केली. दोन्हीकडे एक्सचा पत्ता आणि किंमत छापली. पत्ता शेवटच्या अंकापर्यंत तोच, पण चाइल्डमध्ये ९९ आणि पॅरेंटमध्ये १०. एका पत्त्यावर दोन किमती कशा राहतील?

तिसरं, दोन थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये बरोबरीने चालणारे दोन प्रवाह), दोघांनी एकच काउंटर दहा-दहा लाख वेळा वाढवायचा. उत्तर वीस लाख यायला हवं. येतं कमी, आणि दर वेळी वेगळंच. हे रेस कंडिशनमुळे होतं एवढं व्हिडिओत सांगितलंय, पण नेमकं हरवतं काय? आणि थ्रेडऐवजी फोर्क वापरला तर पॅरेंटमधला काउंटर शून्यावरच राहतो, हे आणखी वेगळं.

तयार कोड नको. कारण समजून घ्यायचं आहे.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचं: प्रिंटएफमध्ये शेवटी नवीन ओळीचं चिन्ह घातलंय का? ते नसेल तर मजकूर बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) अडकून राहतो आणि फोर्कमध्ये दोनदा होतो. चिन्ह घाला, सुटेल.

धागाकर्ती

चिन्ह आहे. तिन्ही ओळींच्या शेवटी आहे. म्हणूनच डोकं चालेना.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाची दिशा बरोबर आहे, पण उपाय अर्धा आहे. आधी एक करून बघा: तुमचा प्रोग्रॅम टर्मिनलवर थेट न चालवता त्याचा आउटपुट पाइपने कॅट या कमांडला द्या. तुमच्याच मशीनवर चार ओळी दिसतील. ऑटोग्रेडर काही वेगळं करत नाही, तोही आउटपुट पाइपमध्ये किंवा फाइलमध्ये घेतो.

आता कारण. प्रिंटएफ म्हणजे सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, थेट केलेली विनंती) नव्हे. ते सी लायब्ररीतलं फंक्शन आहे. दिलेला मजकूर ते आधी तुमच्याच प्रोसेसच्या मेमरीतल्या एका बफरमध्ये ठेवतं आणि मग सोयीने राइट हा सिस्टिम कॉल करून कर्नलकडे देतं. ही 'सोय' कधी, ते आउटपुट कुठे जातोय त्यावर ठरतं. समोर टर्मिनल असेल तर नवीन ओळीचं चिन्ह आलं की लगेच. फाइल किंवा पाइप असेल तर बफर भरल्यावर किंवा प्रोग्रॅम संपताना. तिथे नवीन ओळीच्या चिन्हाला काही मान नाही.

म्हणजे पाइपवर चालवताना, फोर्कच्या क्षणी 'सुरुवात' अजून बाहेर पडलेलीच नसते. बफरमध्ये बसून असते. फोर्क प्रोसेसच्या सगळ्या मेमरीची प्रत करतो, त्यात तो बफरही आला. अर्धवट भरलेल्या अर्जाची झेरॉक्स काढून दोघांनी आपापला अर्ज पुरा केला, तर वरच्या ओळी दोन्ही अर्जांवर असणारच.

पुरावा तुमच्याच चार ओळींच्या क्रमात आहे. चाइल्ड आधी संपला, त्याचा बफर रिकामा झाला: सुरुवात, चाइल्ड. मग पॅरेंट संपला: सुरुवात, पॅरेंट. चाइल्डने ती ओळ 'चालवली' असती तर हा क्रम असा जोडीजोडीने आलाच पाहिजे असं नव्हतं.

उपाय: फोर्कच्या आधी एफफ्लश करून एसटीडीआउट (प्रिंटएफ जिथे लिहितं तो आउटपुट) रिकामा करा. दुसरा मार्ग, चाइल्डने एक्झिटऐवजी अंडरस्कोरवालं एक्झिट वापरणं. ते सी लायब्ररीचे बफर रिकामे न करता थेट बाहेर पडतं. पण तुमच्या बाबतीत तसं केलं तर पाइपवर 'चाइल्ड' ही ओळसुद्धा गडप होईल, तेव्हा एफफ्लशच बरं. हवं तर एसट्रेस हे टूल एफ पर्यायासह चालवून बघा. राइट कॉल कोणत्या प्रोसेसने केला आणि त्यात काय होतं, हे डोळ्यांनी दिसतं.

प्रतिसाद ३

दुसरा प्रश्न मी घेतो, कारण या कोर्सचा गाभा मला तिथेच दिसतो.

तुम्ही छापलेला पत्ता हा रॅममधला पत्ता नाहीच. तो व्हर्च्युअल पत्ता आहे, त्या प्रोसेसपुरता खरा. प्रत्येक प्रोसेसचं स्वतःचं पेज टेबल असतं आणि प्रोसेसरमधलं एमएमयू दर वेळी त्या टेबलातून व्हर्च्युअल पत्त्याचा फिजिकल पत्ता काढतं. पॅरेंटच्या टेबलात तुमच्या एक्सचं पान एका फ्रेमकडे बोट दाखवतं, चाइल्डच्या टेबलात तेच पान दुसऱ्या फ्रेमकडे. पत्ता एकच, रॅममधल्या जागा दोन.

क्विझमध्ये तुम्ही ३२ बिटांच्या पत्त्याची १०-१०-१२ अशी फोड केली असेल. शेवटचे १२ बिट म्हणजे ४०९६ बाइटच्या पानातली जागा, वरचे २० म्हणजे पान कोणतं ते. एकाच पातळीचं टेबल ठेवलं तर दर प्रोसेसला १०,४८,५७६ नोंदी, प्रत्येकी ४ बाइट धरल्या तर ४ मेगाबाइट फक्त टेबलालाच. म्हणून दोन पातळ्या. हे गणित आणि तुमच्या स्क्रीनवरचे ९९ नि १० ही एकच गोष्ट आहे, फक्त गणित ती टेबलाच्या बाजूने सांगतं.

आता एक बारकावा. फोर्क झाल्या झाल्या मेमरीची खरी प्रत होत नाही. फार खर्चिक पडलं असतं, आणि बऱ्याचदा चाइल्ड लगेच एक्झेक करून वेगळाच प्रोग्रॅम सुरू करतो, म्हणजे सगळी प्रत वायाच. म्हणून लिनक्स मुख्यतः पेज टेबलांचीच प्रत करतं, दोघांना त्याच फ्रेम दाखवतं आणि ती पानं फक्त वाचण्यापुरती म्हणून खूण करतं. चाइल्डने ९९ लिहायला घेतलं की पेज फॉल्ट होतो. कर्नल बघतं की लिहायची परवानगी खरं तर आहे, फक्त प्रत करायची राहिलीय. मग ते एकच पान नव्या फ्रेममध्ये उतरवून घेतं, टेबल दुरुस्त करतं आणि चाइल्डला तीच सूचना पुन्हा चालवू देतं. याला कॉपी ऑन राइट म्हणतात. वहीत तुम्ही मोजलेले पेज फॉल्ट म्हणजे पान रॅममध्ये नाही म्हणून आलेले. हा फॉल्ट पान हजर असूनही आलेला. दोन्ही एकाच दारातून कर्नलमध्ये येतात, पण पुढचं काम निराळं असतं.

प्रोग्रॅम पुन्हा चालवला की एक्सचा पत्ता बदलतो, हेही दिसलं असेल. ते सुरक्षेसाठी मुद्दाम केलेलं असतं. पण एका वेळच्या चालण्यात पॅरेंट आणि चाइल्डचा पत्ता सारखाच येणार, कारण आराखडा वारशाने मिळतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पाइप करून बघितलं आणि चार ओळी इथेच दिसल्या! एफफ्लश घातल्यावर ऑटोग्रेडरही पास झाला. म्हणजे 'सुरुवात' दोनदा येणं आणि एक्सच्या दोन किमती हे एकाच गोष्टीचे दोन परिणाम, असं मला आता वाटतंय. बरोबर?

मग एक उपप्रश्न. पुढच्या आठवड्यापासून एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम आहे. उत्सुकतेपोटी हाच प्रोग्रॅम तिथे चालवला, एफफ्लश न घालता. 'सुरुवात' एकदाच आली. पण पॅरेंटमधलं वेट काढून टाकल्यावर 'चाइल्ड' आणि 'पॅरेंट' यांची अक्षरं एकमेकांत मिसळून आली. तिथे फोर्क वेगळा आहे का?

प्रतिसाद २

हो, एकाच गोष्टीचे दोन परिणाम, अगदी बरोबर.

एक्सव्ही६ मध्ये फरक आधी प्रिंटएफचा आहे. तिथलं प्रिंटएफ बफर ठेवतच नाही, प्रत्येक बाइटसाठी वेगळा राइट कॉल करतं. त्यामुळे फोर्कच्या वेळी आत काही शिल्लक नसतं, प्रत व्हायला काही उरत नाही. पण दोन राइटच्या मध्ये शेड्युलर दुसऱ्या प्रोसेसला संधी देऊ शकतो, शिवाय एकाहून जास्त कोअर दिले असतील तर दोघं खरोखर एकाच वेळी चालतात. म्हणून अक्षरांची सरमिसळ. बफरचा फायदा काय, तेही यातून कळतं: सिस्टिम कॉल कमी होतात.

फोर्कही वेगळा आहेच. एक्सव्ही६ मूळ स्वरूपात सगळी पानं तिथल्या तिथे कॉपी करतं, कॉपी ऑन राइट नाही. एमआयटीने २००६ मध्ये शिकवण्यासाठीच ते तयार केलं, १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सच्या धर्तीवर, आणि साधेपणा मुद्दाम ठेवला. कॉपी ऑन राइट स्वतः घालणं ही त्यांच्याकडची एक लॅबच आहे. तुमच्या कोर्समध्ये नसली तरी करा असं मी आग्रहाने सांगेन. एका पानाला किती प्रोसेस वापरतात याची मोजणी ठेवावी लागते आणि शेवटचा वापरणारा गेल्यावरच फ्रेम मोकळी करायची असते. ते नीट जमलं की पेज टेबल कायमचं कळतं.

प्रतिसाद ४

काउंटर राहिलाच की. वरचं सगळं समजलं असेल तर तो सोपा आहे. थ्रेड एकाच प्रोसेसचे असतात, पेज टेबल एकच, त्यामुळे काउंटर खरोखर एकच आहे. फोर्कमध्ये काउंटर दोन झाले, चाइल्डने स्वतःचा वाढवला, पॅरेंटचा शून्यावर राहिला. तुमच्या एक्ससारखंच.

थ्रेडमध्ये हरवतं ते असं. काउंटर एकने वाढवणं ही आपल्याला एक कृती वाटते, पण साधारणपणे ती तीन असते: मेमरीतून रजिस्टरमध्ये आणणं, एक मिळवणं, परत लिहिणं. काउंटर ४१ आहे. पहिल्याने ४१ वाचलं, तेवढ्यात दुसऱ्यानेही ४१ वाचलं. दोघांनी ४२ लिहिलं. वाढवलं दोनदा, वाढलं एकदाच. किती वेळा असं होईल हे शेड्युलिंग आणि कोअरच्या वेळेवर अवलंबून, म्हणून उत्तर दर वेळी वेगळं.

म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक) लावा म्हणजे तीनही पायऱ्या एका दमात होतील. लॉक लूपच्या आत घेतलं तर उत्तर बरोबर पण वेग बराच पडतो. लूपच्या बाहेर घेतलं तर दुसरा थ्रेड पहिला संपेपर्यंत नुसता थांबतो. प्रत्येक थ्रेडने स्वतःच्या लोकल व्हेरिएबलमध्ये मोजून शेवटी एकदाच लॉक घेऊन बेरीज करणं मला सगळ्यात पटतं.

आणि एक सावधगिरी: कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू केलंत तर म्युटेक्सशिवायही वीस लाख आलेले दिसतील. कंपायलर आख्ख्या लूपच्या जागी एकदाच दहा लाख मिळवून टाकतो, मग टक्कर व्हायला फटच फार कमी उरते. चूक तिथेच असते, फक्त दिसत नाही.

धागाकर्ती

ऑप्टिमायझेशनचं आत्ताच करून बघितलं, खरंच वीस लाख आलं. तसंच सोडून दिलं असतं तर कोड बरोबर आहे असंच वाटलं असतं. आता लोकल व्हेरिएबलची पद्धत लिहिते आणि मग एक्सव्ही६ मधल्या कॉपी ऑन राइटला हात घालते. त्यात मोजणीच्या ठिकाणी लॉक लागेल ना, दोन कोअरवरच्या प्रोसेसनी एकदम एकच फ्रेम सोडली तर?

प्रतिसाद २

लागेल. तुमच्या काउंटरसारखीच ती मोजणी आहे. फ्रेम मोकळ्या करणाऱ्या फंक्शनमध्ये कमी करणं आणि शून्य झालं का ते बघणं, ही दोन्ही कामं एकाच लॉकखाली ठेवा.